दिवसाला शंभर फूट

वसंत ऋतू डोंगर चढतो आणि त्याचा चढण्याचा वेग माणसाने मोजून ठेवला आहे. दिवसाला शंभर फूट. तासाचा हिशेब केला तर जेमतेम चार फूट.

हा हिशेब १९१८ मध्ये अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने मांडला. मूळ प्रश्न तसा रुक्ष होता. गव्हाचा फडशा पाडणाऱ्या हेसियन माशीच्या तडाख्यातून पीक सुटावे, तर कुठल्या गावात, कुठल्या उंचीवर पेरणी कधी करायची? उत्तर शोधताना त्याच्या हाती वसंताचे वेळापत्रकच लागले. उत्तरेकडे एक अक्षांश सरकलात की कळ्या चार दिवस उशिरा फुटतात आणि चारशे फूट वर चढलात तरी तितकाच उशीर होतो. कारण साधे आहे, उंचीबरोबर हवा थंड होत जाते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चक्रावून टाकणारा आहे. सपाटीवर वसंत उत्तरेकडे दिवसाला सुमारे अठ्ठावीस किलोमीटर चालतो. तेवढाच बदल डोंगरात तीस मीटर उभ्या चढणीत मिळतो.

आता हे सूत्र अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ब्लू रिज डोंगरांना लावून पाहू. तिथले ॲशव्हिल हे शहर सुमारे एकवीसशे फुटांवर वसले आहे. तिथून गाडीने तास-सव्वा तासावर माउंट मिशेल आहे, ६,६८४ फूट उंच. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला याच्याहून उंच शिखर नाही. फरक साडेचार हजार फुटांचा, म्हणजे ऋतूच्या हिशेबाने दीड महिन्याचा. ॲशव्हिलमध्ये एप्रिलअखेर झाडे कोवळ्या पालवीने भरतात, तेव्हा शिखराजवळच्या पानगळीच्या झाडांवर अजून काड्याच असतात. शिखरावर आपल्याला भेटते ते स्प्रूस आणि फर वृक्षांचे काळपट हिरवे जंगल, ज्याचे नाते थेट कॅनडाशी आहे. साडेचार हजार फूट भागिले चारशे, म्हणजे अकरा अक्षांश. ॲशव्हिलपासून अकरा अक्षांश उत्तरेला गेलात तर तुम्ही क्वेबेक शहराच्या आसपास पोहोचता. सूत्र आणि झाडे यांचे इतके चांगले जमते की गंमत वाटते.

अर्थात सूत्राला अपवादही आहेत. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. तळाला दहिवर गोठते, तर अर्ध्या उतारावरच्या फळबागा सुरक्षित राहतात. याच डोंगरांच्या दक्षिण उतारावर ट्रायन गावाच्या परिसरात असा उबदार पट्टा आहे आणि तिथले लोक त्याचा अभिमान बाळगून असतात.

या चढत्या वसंताच्या वाटेवर, ॲशव्हिल शहराला लागून, बिल्टमोर नावाची इस्टेट आहे. लोक येतात ते अडीचशे खोल्यांचे घर पाहायला, जे अमेरिकेतले खाजगी मालकीचे सर्वांत मोठे घर म्हणून ओळखले जाते. माझे मत जरा वेगळे आहे. तिथले खरे आश्चर्य घराबाहेर उभे आहे आणि बहुतेकांना ते दिसतच नाही, कारण ते हुबेहूब जंगलासारखे दिसते.

ही इस्टेट उभारणाऱ्या जॉर्ज व्हँडरबिल्टचे आजोबा कॉर्नेलियस यांनी फेरीबोटींपासून सुरुवात करून रेल्वेचे साम्राज्य उभारले. वडील विल्यम यांनी ते वाढवले. जॉर्ज हे त्यांचे शेंडेफळ. धंद्यात फारसे लक्ष नसलेला, लाजाळू आणि पुस्तकात डोके खुपसून बसणारा मुलगा. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद तो लहानपणापासून ठेवत असे आणि बावन्नाव्या वर्षाच्या आत मृत्यू येईपर्यंत ही यादी तीन हजारांच्या पुढे गेली होती. १८८८ मध्ये तो आईला घेऊन ॲशव्हिलला हवापालटासाठी आला. तेव्हा हे गाव डोंगरी हवेसाठी प्रसिद्ध होते, फुप्फुसाच्या रुग्णांना डॉक्टर मुद्दाम इथे पाठवत. जॉर्जला समोरचे डोंगर आवडले. पंचविशीतल्या तरुणाला समोरचा देखावा आवडला तर तो चित्र काढतो किंवा पुन्हा येण्याचे ठरवतो. याने देखावा विकत घेतला. हस्तकांमार्फत तुकड्यातुकड्याने घेतलेली जमीन अखेर सव्वा लाख एकरांवर गेली, म्हणजे पाचशे चौरस किलोमीटर. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान त्यात सुमारे पाच वेळा मावेल. घराच्या पश्चिमेच्या ओसरीतून सतरा मैलांवर माउंट पिस्गाचे टोक दिसते. ते शिखरही त्याच्याच सातबाऱ्यावर होते, असे म्हणायला हरकत नाही.

हे सगळे रिकाम्या जागेत घडले नाही, हेही सांगायला हवे. या जमिनीवर डोंगरी शेतकरी होते आणि शिलो नावाची कृष्णवर्णीयांची वस्तीही होती. त्यांच्या जमिनी विकत घेतल्या गेल्या आणि वस्ती आपल्या चर्चसह दुसरीकडे हलली. आजही शहराच्या दक्षिण भागात शिलो नावाने ती आहे. घर पाहणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हे ठाऊक असते.

जमीन घ्यायला सुरुवात केल्यावर जॉर्जने फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना बोलावले. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क घडवणारे हे गृहस्थ तेव्हा पासष्टी ओलांडून गेले होते. त्यांनी जमीन पाहिली आणि तिच्याबद्दल स्पष्ट नापसंती सांगितली. आजच्या हिरव्यागार बिल्टमोरमध्ये उभे राहून हे पटत नाही, पण तेव्हा ही जमीन थकलेली होती. चांगली झाडे तोडून नेलेली, राहिलेल्यांत गुरे चरलेली, वरचेवर लावलेल्या आगींनी रान खुरटलेले, आणि उघड्या उतारांवरून माती वाहून गेलेली. श्रीमंत तरुणाच्या मनात इंग्लंडच्या सरदारांसारखे, दूरवर हिरवळ पसरलेले उद्यान होते. ओल्मस्टेड यांनी ते खोडून काढले. त्यांचा सल्ला असा होता: घराजवळ छोटी बाग करा, नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत शेती करा, आणि बाकी सगळीकडे जंगल लावा. शोभेसाठी नव्हे, तर शास्त्रशुद्ध व्यवस्थापन करून, उत्पन्न देणारे आणि देशाला धडा घालून देणारे जंगल. करोडपती गिऱ्हाइकाला इतका थेट नकार देणारे सल्लागार फार नसतात आणि तो ऐकून घेणारे गिऱ्हाईक तर त्याहून दुर्मीळ.

ओल्मस्टेड यांची सगळी जादू समजून घ्यायची असेल तर इस्टेटीच्या प्रवेशरस्त्यावर गाडी हळू चालवावी. फाटकापासून घरापर्यंत हा रस्ता सुमारे तीन मैल आहे आणि तीन मैलांत तो तुम्हाला घराचे ओझरतेही दर्शन होऊ देत नाही. दूरचा देखावाही नाही. रस्ता मुद्दाम टेकडीच्या माथ्यावरून न नेता घळीतून नेला आहे, ओढ्याच्या सोबतीने. ओढा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कुठे तळ्यासारखा थबकलेला. प्रत्येक वळण इतकेच, की पुढचे पन्नास पाऊल दिसावे आणि एक्कावन्नावे दिसू नये. झाडीची रचनाही थराथराची आहे. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत नेचे, मग अझेलिया आणि माउंटन लॉरेलची झुडपे, त्यामागे सदाहरित ऱ्होडोडेंड्रॉन, त्यावर डॉगवूडसारखी मध्यम झाडे आणि सगळ्यांच्या मागे उंच वृक्ष. गडद पानांची झुडपे मागे ठेवल्याने सावली खोल वाटते आणि दहा फुटांची झाडी शंभर फूट आत गेल्याचा भास होतो. मग शेवटच्या वळणानंतर अचानक झाडी संपते, स्फिंक्सच्या दगडी जोडीमधून गाडी बाहेर पडते आणि समोर लांबलचक सपाट हिरवळ, तिच्या टोकाला घर. तीन मैल डोळ्यांना जवळचे पाहण्याची सवय लावून एका क्षणात त्यांना दूर फेकून दिले आहे. इमारत मोठी आहेच, पण ती या एका युक्तीने दुप्पट मोठी वाटते.

या झाडीतले जवळजवळ सगळे लावलेले आहे. त्यासाठी इस्टेटीवर मोठी रोपवाटिका उभारली होती. ओल्मस्टेड यांच्या कार्यालयाने १८९० मध्ये चॉन्सी बीडल नावाच्या कॅनेडियन वनस्पतीतज्ज्ञाला तिथे महिनाभराच्या कामासाठी धाडले. तो १९५० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. बीडलला देशी अझेलियांचे वेड होते. म्हातारपणी तीन मित्रांसोबत गाडीतून अमेरिकेचा पूर्व भाग पालथा घालत तो रानातल्या अझेलिया शोधत फिरला आणि जमवलेली हजारो झाडे १९४० मध्ये त्याने इस्टेटीला देऊन टाकली. घराखालच्या घळीतली अझेलियांची बाग ती हीच. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत तिथे पिवळा, केशरी, गुलाबी अशा रंगांचा जो उसळता खेळ चालतो, त्यापुढे वरच्या तटबंदीच्या बागेतले शिस्तीत उभे ट्यूलिप मला तरी शाळेच्या कवायतीतल्या मुलांसारखे वाटतात.

या झाडीत एक मोठे कोडेही दडले आहे. ओल्मस्टेड यांनी घरासमोरच्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंना ट्यूलिप वृक्षांच्या रांगा लावल्या. या उंच, सरळसोट झाडाच्या जगात दोनच जाती आहेत. एक इथे, पूर्व अमेरिकेत. दुसरी चीन आणि व्हिएतनाममध्ये. मधल्या हजारो मैलांत काही नाही. चाफ्याच्या कुळातल्या मॅग्नोलियांचे असेच, विच हेझलचे असेच. हार्वर्डचे वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८५९ मध्ये जपानमधल्या वनस्पतींचे नमुने तपासताना हे लक्षात आणून दिले, की पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका यांची झाडे एकमेकांची सख्खी भावंडे आहेत, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी त्यांचे नाते दूरचे. उत्तर असे, की कोट्यवधी वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध उबदार असताना या वृक्षांचे एकच जंगल सलग पसरलेले होते. हवामान थंड आणि कोरडे होत गेले, हिमयुगे आली, मधले जंगल मेले. टोकाला दोन कोपरे शिल्लक राहिले. त्यामुळे बिल्टमोरमध्ये जपानी मेपल आणि कॅरोलिनाचा डॉगवूड शेजारी शेजारी लावले तेव्हा त्या माळ्यांनी नकळत ताटातूट झालेल्या भावकीचे संमेलन भरवले.

डॉगवूडचे फूल जवळून पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या चार पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेतच, रंग बदललेली पाने आहेत. खरी फुले मधल्या हिरवट गुच्छात, टाचणीच्या डोक्याएवढी. आपल्या बोगनवेलीची क्लृप्ती तीच.

आणि हे सगळे ज्या डोंगरावर उभे आहे तो किती जुना? आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. ब्लू रिजचे काही खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत आणि आफ्रिका खंड उत्तर अमेरिकेवर येऊन आदळल्याने डोंगर उचलले गेले त्याला तीस कोटी वर्षे होऊन गेली. एके काळी हे आजच्या कितीतरी उंच डोंगरांत मोडत असावेत. पावसाने त्यांना घासून गुळगुळीत केले आहे, म्हणून इथे कडे कमी आणि गोलाई जास्त. इस्टेटीतून वाहणारी फ्रेंच ब्रॉड नदी डोंगर टाळून जात नाही. ती उत्तरेला वळून थेट डोंगरांना चिरत टेनेसीत उतरते. जगातल्या अतिप्राचीन नद्यांमध्ये तिची गणना होते. डोंगरांचा निळा रंगही खराच आहे. ओकसारखे वृक्ष आयसोप्रिन नावाचा वायू सोडतात, हवेत त्याच्यापासून अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. उन्हाळ्यात पाने भरली की निळाई गडद होते.

आता घराकडे. रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुकाराने फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातल्या राजवाड्यांचा आदर्श समोर ठेवून ते बांधले. १८८९ ला काम सुरू झाले. सामान आणायला मुख्य रेल्वेपासून तीन मैलांचा खाजगी फाटा टाकला. विटांसाठी जागेवरच भट्टी लावली, चुनखडीचा दगड मात्र इंडियाना राज्यातून सहाशे मैलांवरून आला. १८९५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी अविवाहित मालकाने नातेवाइकांसाठी दार उघडले. पस्तीस शयनगृहे, त्रेचाळीस न्हाणीघरे, पासष्ट शेकोट्या. आसपासच्या घरांत चिमण्या आणि कंदील असताना इथे विजेचे दिवे, लिफ्ट, मध्यवर्ती उष्णता, तळघरात पोहण्याचा तलाव आणि पाण्याखालचे दिवे होते. आकडे पुष्कळ आहेत. मार्गदर्शक ते सांगतात आणि ते ऐकून माणूस दमतो. भोजनगृहाचे छत सत्तर फूट उंच आहे. तिथे बसून जेवताना ताटातले गार होत नसेल का, हा प्रश्न मात्र कोणी विचारताना दिसत नाही.

मी मात्र तुम्हाला वर, छताकडे पाहायला सांगेन. तळघरातल्या तलावावर, दारापुढच्या गाडीखान्यात आणि इतर काही ठिकाणी फिकट कौलांच्या सुबक जाळीसारख्या कमानी आहेत. त्या राफाएल ग्वास्ताव्हिनो या स्पॅनिश बांधकामकर्त्याच्या. हा व्हॅलेन्सियाचा, १८८१ मध्ये अमेरिकेत आला. दगडी कमान बांधायची तर आधी खाली लाकडी सेंटरिंग लावावे लागते, कारण शेवटचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःला पेलू शकत नाही. ग्वास्ताव्हिनोची पद्धत सेंटरिंगशिवाय चाले. इंचभर जाडीची पातळ कौले तो आडवी, कडेला कड लावून बसवी आणि पहिल्या थराला झटकन आळणारे प्लॅस्टर वापरी. कारागीर कौल हातात धरून काही क्षण थांबे, तेवढ्यात ते चिकटे. मग पुढचे. एक ओळ पूर्ण झाली की ती स्वतःच्या पायावर उभी आणि पुढच्या ओळीचा आधार. त्यावर सिमेंटमध्ये दुसरा थर, मग तिसरा, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे. तयार होतो तो काही इंचांचा वक्र पापुद्रा, ज्यावर माणसे चालू शकतात. ताकद जाडीत नाही, वक्रतेत आहे. वरचे वजन वळणावरून घरंगळत कडांकडे जाते, सगळीकडे फक्त दाब राहतो, ताण जवळजवळ येतच नाही, आणि भाजलेली माती दाब उत्तम सोसते. वर आग लागली तरी जळण्यासारखे काही नाही.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात कुजबुज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येते ती याच पद्धतीच्या कमानींखाली. ते स्थानक बांधणारी रेल्वे व्हँडरबिल्ट घराण्याची होती, हा योग छान आहे. बिल्टमोरचे काम करता करता ग्वास्ताव्हिनोला हे डोंगर इतके आवडले की त्याने जवळच ब्लॅक माउंटन गावी घर बांधले. ॲशव्हिलचे सेंट लॉरेन्स चर्च त्याच्या रचनेचे आहे. त्याचा लंबवर्तुळाकार घुमट ८२ फूट लांब आणि ५८ फूट रुंद असून मध्ये एकही खांब नाही. १९०८ मध्ये तो वारला आणि त्याला त्याच चर्चमध्ये पुरले. इस्टेट पाहून उरलेल्या दुपारी तिथे अवश्य जावे.

घराच्या इतिहासातला एक तुकडा मला विशेष आवडतो. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर वॉशिंग्टनवरही बॉम्ब पडतील अशी भीती होती. जानेवारी १९४२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कलादालनाने आपली ६२ चित्रे आणि १७ शिल्पे गुपचूप रेल्वेने बिल्टमोरला पाठवली. त्यांत राफाएल, रेम्ब्रांट, व्हर्मीर होते. घरातला संगीतकक्ष कधी पुराच झाला नव्हता. त्या ओक्याबोक्या खोलीला पोलादी दार लावून हा खजिना १९४४ पर्यंत ठेवला. १९३० पासून घर प्रेक्षकांना खुले होते, त्यामुळे युद्धकाळात भिंतीपलीकडून येणाऱ्याजाणाऱ्यांना काय ठेवले आहे याचा पत्ताही नव्हता.

पण मुद्दा जंगलाचा होता. ओल्मस्टेड यांच्या शिफारशीवरून १८९२ मध्ये गिफर्ड पिंशो हा सव्वीस वर्षांचा तरुण तिथे वनाधिकारी म्हणून आला. युरोपात वनशास्त्र शिकून परतलेला. तोवर अमेरिकेत जंगल म्हणजे तोडून संपवायची वस्तू होती. कुठले झाड तोडायचे, कुठले बियाण्यासाठी राखायचे, तोडलेल्याच्या बदल्यात किती वाढले पाहिजे, असा हिशेब मांडून चालवलेले देशातले पहिले मोठे जंगल बिल्टमोरचे. पुढे १९०५ मध्ये पिंशो अमेरिकन वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. त्याच्या जागी आलेल्या कार्ल शेंक या जर्मन वनतज्ज्ञाने १८९८ मध्ये इस्टेटीवर देशातली वनशास्त्राची पहिली शाळा काढली. सकाळी वर्ग, दुपारी घोड्यावरून रानात. १९१३ मध्ये शाळा बंद झाली, पण तिच्यातून एक वस्तू जगभर गेली. तिचे नाव बिल्टमोर काठी.

झाडाच्या खोडाची जाडी मोजायची, तर दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि पायने (π) भागावे. दिवसाला शेकडो झाडे मोजणाऱ्याला हे परवडत नाही. शेंकच्या शाळेत त्यावर निघालेला उपाय म्हणजे खुणा केलेली साधी सपाट काठी. ती जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला आडवी टेकवायची, डोळा काठीपासून पंचवीस इंचांवर ठेवायचा, काठीचे डावे टोक खोडाच्या डाव्या कडेशी जुळवायचे आणि मान न हलवता उजवी कड कुठल्या खुणेवर येते ते वाचायचे. तीच खोडाची जाडी. यामागे शाळेतली भूमिती आहे. खोड गोल असल्याने आपली नजर त्याच्या पूर्ण रुंदीपर्यंत पोहोचत नाही. डोळ्यातून निघालेली रेषा वर्तुळाला स्पर्शिकेसारखी घासून जाते आणि वाटेत काठीला थोडी आतच छेदते. म्हणून दहा इंच जाडीची खूण काठीवर दहा इंचांवर नसते, सुमारे साडेआठ इंचांवर असते. वीसची खूण १४.९ इंचांवर, तीसची २०.२ वर. झाड जितके जाड, तितक्या खुणा एकमेकींजवळ सरकतात. काट्याशिवाय, भिंगाशिवाय, हलणाऱ्या एकाही भागाशिवाय चालणारे हे यंत्र सव्वाशे वर्षांनंतरही वनरक्षक वापरतात.

१९१४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर जॉर्जचा मृत्यू झाला. पत्नी एडिथने सुमारे ८७ हजार एकर जंगल सरकारला एकरी साधारण पाच डॉलर इतक्या कमी दराने विकले. १९१६ मध्ये त्यातून पिस्गा राष्ट्रीय वन आकाराला आले. आज इस्टेटीकडे आठ हजार एकर आहे. म्हणजे पाहुणे ज्याला निसर्ग समजून फोटो काढतात, ते पश्चिमेचे हिरवे क्षितिज बऱ्याच अंशी एका थकल्या जमिनीवर राखलेले, वाढवलेले जंगल आहे. ओल्मस्टेड यांनी ते पाहिले नाही. १८९५ मध्ये चित्रकार सार्जंट याने बिल्टमोरच्या फुलत्या झाडीत उभे करून त्यांचे चित्र काढले, तेव्हाच त्यांची स्मृती ढासळू लागली होती. त्यांनी लावलेली झाडे तेव्हा कमरेएवढी असतील. शंभर वर्षांनी कसे दिसेल याचा आराखडा काढून माणसाने निघून जावे, ही मला अडीचशे खोल्यांपेक्षा मोठी श्रीमंती वाटते.

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपल्याकडचे अनेक आईबाबा अटलांटा, शार्लट किंवा रॅलेच्या परिसरात असतात. तिथून बिल्टमोर काही तासांवर आहे. बहुतेकदा सहल एका दिवसात उरकतात, घर पाहतात आणि पाय दुखले म्हणून परततात. तसे करू नका. शक्यतो मेचा पहिला पंधरवडा निवडा आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी घर, नंतर अझेलियांची बाग, तळे आणि नदीकाठ, पायी. दुसऱ्या दिवशी ब्लू रिज पार्कवेने वर जा. मालवाहू गाड्यांना बंदी असलेला, ताशी पंचेचाळीस मैलांची मर्यादा असलेला हा रस्ता आहे, म्हणजे घाई करायची सोयच नाही. खाली फुललेले ऱ्होडोडेंड्रॉन वर कळीत, त्याहून वर घट्ट मिटलेले दिसतील. साडेपाच हजार फुटांवरच्या क्रॅगी गार्डन्समध्ये ते जूनच्या मध्याला फुलतात. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळाने या भागात प्रचंड पूर आणि दरडी आणल्या, इस्टेटही महिनाभर बंद होती आणि पार्कवेचे अनेक टप्पे वाहून गेले. त्यामुळे निघण्यापूर्वी रस्त्याची ताजी स्थिती पाहून घ्या.

आणि जाणे होणार नसेल तर एक काठी करा. तीस इंचांची सपाट पट्टी घ्या, वर दिलेल्या तीन खुणा तिच्यावर करा, आणि सोसायटीच्या आवारातला गुलमोहर किंवा रस्त्याकडेचा वड मोजा. डोळा पंचवीस इंचांवर हवा, तेवढे सांभाळा.